ब्लॅक सीज: नऊ जहाजं, पन्नास तास आणि एक चिमटा

वॉरलॉर्ड गेम्स या ब्रिटिश कंपनीने 2019 मध्ये आणलेला 'ब्लॅक सीज' हा शिडाच्या जहाजांच्या लढाईचा टेबलावरचा खेळ. काळ साधारण 1770 ते 1830, जहाजांचं प्रमाण 1:700. स्टार्टर खोक्यात प्लास्टिकच्या तीन फ्रिगेट (तीन डोलकाठ्यांची जहाजं), सहा ब्रिग (दोन डोलकाठ्यांची छोटी जहाजं), नियमपुस्तक, जहाजांची कार्डं, फासे, कागदी शिडं, पारदर्शक प्लास्टिक पत्र्यावर छापलेल्या दोरशिड्या आणि दोरा असा ऐवज मिळतो. झाकणावर धुरात बुडालेली, शिडं फुगलेली जहाजं दिसतात. झाकण काढलं की हातात येतात सुटे भाग अडकवलेल्या प्लास्टिकच्या चौकटी आणि कागद.

म्हणून आधीच स्पष्ट सांगतो: हा पहिल्यांदा मॉडेल बनवायचा छंद आहे, खेळ त्यानंतर. दोऱ्यांसकट नीट बांधलेली, रंगवलेली एक फ्रिगेट सात-आठ तास खाते, ब्रिग चार-पाच. नऊ जहाजांचे मिळून पन्नास तास सहज होतात. हे पन्नास तास ज्याला शिक्षा वाटतील त्याने इथेच थांबावं. ज्याला ते आवडतील त्याला या किमतीत आणि या आकारात याहून चांगलं काही क्वचितच मिळेल.

आकाराचा हिशेब

1:700 म्हणजे नेमकं केवढं? ब्रिटिश आरमारातली लेडा वर्गाची 38 तोफांची फ्रिगेट तोफांच्या डेकवर सुमारे 150 फूट लांब होती. या प्रमाणात ती 65 मिमी होते. नाळेपुढे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापुढे, झुकलेली काठी धरली की आणखी थोडी लांब. क्रूझर वर्गाची ब्रिग 100 फुटांची, म्हणजे साडेत्रेचाळीस मिमी. 74 तोफांचं लाइनचं जहाज, म्हणजे ताफ्याच्या रांगेत उभं राहून लढणारं मोठं जहाज, 74 मिमीच्या आसपास, हा योगायोग लक्षात ठेवायला सोपा. डेकवर उभा माणूस अडीच मिमीसुद्धा भरत नाही आणि तोफेची खिडकी सव्वा मिमीची. रंगवताना कुठे थांबायचं ते या आकड्यांवरून ठरवा. पितळी तोफेवरचं नक्षीकाम इथे कोणालाही दिसणार नाही. दिसते ती पट्ट्याची सरळ रेघ आणि शिडाचा बाक.

टेबलाचा हिशेबही महत्त्वाचा. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल या प्रमाणात सुमारे 1280 मीटर बाय 850 मीटर समुद्र होतो. त्या काळी खरी मारामारी तीन-चारशे मीटरच्या आत व्हायची, त्यामुळे दोन-तीन फ्रिगेट आणि चार ब्रिग यांना ही जागा अगदी अंगासरशी बसते. पण ट्रफाल्गर मांडायचं मनात असेल तर ते सोडून द्या. 1805 च्या त्या लढाईत एका बाजूला 27 आणि दुसऱ्या बाजूला 33 लाइनची जहाजं होती. दोन जहाजांत एक केबल, म्हणजे सुमारे 185 मीटर अंतर ठेवलं तर नुसत्या 27 जहाजांची रांग सात मीटर लांब होते. दिवाणखाना पुरणार नाही. मोठ्या ताफ्यांचीच हौस असेल तर 1:2400 च्या छोट्या धातूच्या जहाजांकडे वळावं.

चौकटीतून पाण्यावर

चौकट आधी भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग पहिल्यांदा पकडतो आणि बोट लागलं की सोलून निघतो. डोलकाठी आणि तिच्यावरच्या शीड बांधायच्या आडव्या काठ्या एकाच तुकड्यात येतात. पंचाईत इथेच होते. हे तुकडे बारीक, आणि चौकटीला जोडणारे देठ नेमके काठ्यांच्या टोकांना. जाड कटरने काठीच्या अंगालगत दाब दिला की टोक वाकतं किंवा उडतं. त्यामुळे आधी देठ चौकटीच्या बाजूने, काठीपासून दोन-तीन मिमी लांब तोडायचा. उरलेला तुकडा नव्या ब्लेडने, काठी कटिंग मॅटवर आडवी टेकवून, दोन-तीन हलक्या कापांत काढायचा. काठीचे बाकीचे देठ आधी तोडा, बुंध्याजवळचा जाड देठ सर्वांत शेवटी. तो सुटेपर्यंत काठी चौकटीतच आधाराने राहते.

प्लास्टिकला प्लास्टिक जोडताना पातळ प्लास्टिक सिमेंट वापरा. ते पृष्ठभाग विरघळवून सांधा एकजीव करतं. फेविक्विकने चिकटलेली डोलकाठी दुसऱ्या-तिसऱ्या खेळात कुणाच्या तरी बाहीला अडकते आणि मुळापासून सुटते. डेकवरच्या भोकात काठी रंगानंतर बसत नाही हीसुद्धा नेहमीची तक्रार. रंगाचा थर दोन्हीकडून मिळून भोक आवळतो. प्राइमर मारण्याआधी प्रत्येक काठी कोरडी बसवून बघा, भोक हातड्रिलने केसभर मोठं करा आणि बुंध्याच्या टोकाला रंग लागू देऊ नका. सिमेंट रंगावर पकडत नाही, त्याला उघडं प्लास्टिक हवं.

हल, म्हणजे जहाजाचं धड, आणि डोलकाठ्या वेगवेगळ्या रंगवाव्यात. सगळं जोडून मग रंगवायला घेतलं तर डेकपर्यंत ब्रश पोचत नाही.

रंग

काळा प्राइमर. मुंबई-पुण्यात आणि कोकणात जून ते सप्टेंबर स्प्रेचा डबा कपाटात ठेवा. दमट हवेत स्प्रेचा थर दुधाळ, खरखरीत होतो, आणि मॅट वार्निश तर पांढरं धुकं धरून सगळी मेहनत पाण्यात घालवतं. त्या चार महिन्यांत ब्रशने लावायचा प्राइमर घ्या, दोन पातळ हात.

ब्रिटिश जहाजांचा काळा-पिवळा चौकडा सगळ्यांना माहीत असतो: पिवळसर पट्टा, त्यावर काळ्या खिडक्या. पण ही पद्धत सर्रास रूढ झाली ती ट्रफाल्गरनंतर. 1780 च्या दशकातली जहाजं मांडत असाल तर चौकडा काढू नका; नुसता वार्निश केलेल्या लाकडासारखा पिवळा-तपकिरी पट्टा, वर काळा किंवा गडद निळा काठ. पट्ट्यासाठी व्हालेहो या रंगकंपनीचा 70.913 यलो ओकर नेमका बसतो. भडक पिवळा घेतला की जहाज रिक्षासारखं दिसतं.

पट्टा आधी काढायचा, खिडक्या नंतर. सव्वा मिमीच्या खिडक्या ब्रशने भरत बसण्यापेक्षा 0.1 किंवा 0.2 मिमीचा पिगमेंट शाईचा पेन घ्या. शाई पूर्ण एक दिवस वाळू द्या आणि वरून पाण्याचं वार्निश लावा. स्पिरिटच्या वार्निशखाली काही शाया पसरतात आणि सरळ रांगेतल्या खिडक्यांतून काळे ओघळ येतात.

डेकच्या बाबतीत जवळपास प्रत्येक नवा माणूस एकच चूक करतो: फर्निचरचा तपकिरी रंग. डेक रोज दगडाने घासला जायचा, वर उन्हाचा मारा. त्याचा रंग फिकट, करडा-पिवळट. 70.976 बफमध्ये पाचवा हिस्सा फिकट करडा मिसळा, एक थर द्या आणि वर एकाला तीन पाणी घातलेला सेपिया वॉश (फटींत उतरणारा पातळ रंग) फिरवा. फळ्यांच्या फटी आपोआप उठून दिसतात.

शिडं: खोक्यातली सगळी लावायची नाहीत

कात्री लावण्याआधी शिडांचा आणि झेंड्यांचा कागद स्कॅन करून ठेवा. हे काम पाच मिनिटांचं. एक शीड चुकीचं कापलं गेलं किंवा डिंकाने भिजून फाटलं तर बदली शीड साध्या 80 जीएसएम कागदावर घरी छापता येतं.

कापताना छापील रेघेच्या किंचित आतून कापा. मग कागदाची कड पांढरी दिसते, तिच्यावर शिडाच्या रंगाचा ब्रश आडवा फिरवा. कड रंगवलेलं शीड कापडासारखं दिसतं, न रंगवलेलं व्हिजिटिंग कार्डासारखं; एवढ्या एका गोष्टीने फरक पडतो. बाक आणायला शीड ब्रशच्या दांड्यावर ठेवून अंगठ्याने दाबत गोल फिरवा. आडवं नाही, उभं: फुगवटा वरून खाली हवा. चिकटवायला फेविकॉल, काठीच्या पुढच्या कडेला टूथपिकने बारीक रेघ. डिंक जास्त झाला की कागद पाणी पितो आणि वाळताना उलटा वळतो. लावण्याआधी दोन्ही बाजूंनी मॅट वार्निशचा एक पातळ हात दिला तर पावसाळ्यात शिडं शंकरपाळ्यासारखी वाकडी होत नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. लढाईत उतरताना त्या काळची जहाजं सगळ्यांत खालची मोठी शिडं, म्हणजे कोर्स, आवरून घेत. डेक मोकळा राही, तोफांच्या ठिणग्यांनी आग लागायचा धोका कमी होई आणि समोरचं दिसे. टॉपसेल (कोर्सच्या वरची शिडं), पुढची त्रिकोणी शिडं आणि मागचं स्पँकर एवढ्यावर जहाज चालवत. मॉडेलही तसंच करा. खालची शिडं लावूच नका. टिश्यू पेपरची 12 मिमी रुंद पट्टी, फ्रिगेटच्या मुख्य काठीसाठी सुमारे 35 मिमी लांब, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवायची, सैल गुंडाळी करायची आणि काठीवर दाबून बसवायची. ओली असतानाच सुईने चार-पाच ठिकाणी खाच द्या. दोरीने बांधल्यासारखी दिसते. इतिहासाला धरून होतं, डेक दिसतो आणि दोरे बांधताना चिमटा आत घालायला जागा मिळते. तिन्ही कामं एका गुंडाळीत.

दोरशिड्या आणि दोरे

डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना जाळीसारख्या दिसणाऱ्या दोरशिड्या पारदर्शक पत्र्यावर छापलेल्या मिळतात. त्या फेविक्विकने चिकटवू नका. त्याची वाफ पारदर्शक पत्र्यावर पांढरी बुरशी धरल्यासारखी बसते आणि पुसली जात नाही. फेविकॉल किंवा विमानाच्या मॉडेलच्या काचा चिकटवायचा डिंक वापरा, वाळेपर्यंत दहा मिनिटं टूथपिकने टेकू द्या. पत्रा दोन कापांत कापा: पहिला हलका, दुसरा आरपार. एका झटक्यात कापला तर शेवटच्या कोपऱ्यात तडा जातो. कापलेल्या कडेवर काळा मार्कर फिरवला की प्रकाशात चमकणारी रेघ नाहीशी होते.

क्रम महत्त्वाचा: आधी काठ्या, मग दोरशिड्या, मग शिडं, सर्वांत शेवटी दोरे. दोरशिड्या काठीला दोन्ही बाजूंनी आणि किंचित मागून धरून ठेवतात. त्या नसताना पुढचा दोरा ताणला तर काठी पुढे झुकते, तिच्यापुढचे दोरे सैल पडतात, ते ताणायला जावं तर काठी आणखी झुकते. जहाज वादळात सापडल्यासारखं दिसू लागतं.

साध्या दोऱ्याला बारीक लव असते. 1:700 मध्ये तीच लव मनगटाएवढी जाड वाटते. दोरा मधमाशीच्या मेणाच्या वडीवरून दोनदा ओढून घ्या, मग दोन बोटांत धरून गरम होईपर्यंत सरकवा, लव बसते. त्याहून चांगलं म्हणजे मासेमारीच्या गळावर कृत्रिम माश्या बांधायचा 6/0 दोरा. आणि खेळायचीच जहाजं असतील तर ईझी लाइन हा लवचीक दोरा: बोट अडकलं तरी ताणला जातो, काठी मोडत नाही. मात्र तो जोरात ताणून चिकटवला तर रात्रभरात बारीक काठी कमानीसारखी वाकवतो. लांबीच्या दहा टक्के ताण पुष्कळ झाला.

खऱ्या जहाजावर शेकडो दोर असायचे. इथे फ्रिगेटला दहा-बारा पुरतात. नाळेवरच्या काठीच्या टोकापासून पुढच्या डोलकाठीला दोन, पुढच्यापासून मधल्या काठीला दोन, मधल्यापासून मागच्या काठीला एक. बाकीचे आडव्या काठ्यांच्या टोकांपासून मागे जाणारे. नजर या तिरप्या रेघांवरच जाते. त्या नीट ताणलेल्या असल्या तर बाकीचे दोर डोळा आपोआप भरून घेतो. टोकाला सुईच्या अणीने फेविक्विकचा ठिपका लावायचा, दोरा चिमट्याने धरून वीस सेकंद थांबायचं, जास्तीचं टोक नव्या ब्लेडने वरून खाली कापायचं. नेलकटर वापरला तर तो ओढतो आणि सांधा सुटतो.

झेंड्यांकडे बघा. ब्रिटिश युनियन झेंड्यात सेंट पॅट्रिकचा लाल तिरपा क्रॉस 1801 पासून आला. फ्रेंचांचा आजचा निळा-पांढरा-लाल उभा तिरंगा 1794 चा. 1782-83 मध्ये हिंदी महासागरात सुफ्रेनचा फ्रेंच ताफा ब्रिटिशांशी झुंजला, ती लढाई मांडताना तिरंगा लावला तर जाणकार पाहुणा पहिल्यांदा तेच बोलून दाखवेल. तेव्हा फ्रेंचांचा लढाऊ झेंडा पांढरा होता. सगळ्यांत सोपं काम.

टेबलावर

नियम गुंतागुंतीचे नाहीत. दहा बाजूंचे फासे, इंचांत मोजमाप, हलक्या तोफा, जड तोफा आणि कॅरोनेड (जवळच्या माऱ्याच्या आखूड तोफा) असे वेगळे प्रकार. शिडं तीन स्थितींत: थोडी, लढाईपुरती आणि पूर्ण. जितकी शिडं उघडी तितकं जहाज पुढे जाणार, आणि एका वेळी एकाच पायरीने बदल करता येतो. जहाजामागे फेसाचे मार्कर ठेवून शिडांची स्थिती दाखवतात, म्हणजे कुणी किती वेगात आहे ते दोघांनाही कळतं.

नवा खेळाडू हमखास फसतो तो इथेच. पूर्ण शिडं सोडून शत्रूवर धावतो, मारा करायच्या जागी पोचतो तेव्हा वेग उतरत नाही, आणि एक सरबत्ती देऊन पलीकडे निघून जातो. परत वळायला जागा हवी, वळताना नाळ वाऱ्याच्या तोंडात जाते, शिडं उलटी भरतात, जहाज जागच्या जागी थिजतं. आणि समोरचा तुमच्या मागच्या बाजूला येऊन थांबलेला असतो. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या दिशेच्या साधारण 67 अंशांच्या आत नाळ आणू शकत नाही, म्हणजे वर्तुळातला जवळपास 135 अंशांचा तुकडा त्याला बंद. टेबलावर पहिली हालचाल करण्याआधी हा तुकडा डोळ्यांपुढे आणा. शत्रूला भिडायच्या दोन फेऱ्या आधी शिडं कमी करायला सुरुवात करा.

मागून किंवा पुढून आडवा मारा, म्हणजे रेकिंग, या खेळात व्हायला हवा तेवढा घातक आहे. बाजूने आलेला गोळा जहाजाच्या रुंदीतून जातो, मागच्या काचेच्या गॅलरीतून शिरलेला गोळा डेकच्या संपूर्ण लांबीतून. तोफांच्या संख्येने दुबळी ब्रिग फ्रिगेटच्या मागे एक फेरी टिकली तरी हिशेब बदलतो. ब्रिगच्या खेळाची मजा सगळी यात आहे. ब्रिग बाजूला बाजू लावून लढवणारा माणूस ब्रिग गमावतो.

दोन फ्रिगेट आणि तीन-चार ब्रिग इतक्यापर्यंत खेळ एका संध्याकाळी आटोपतो. प्रत्येक बाजूला सहा-आठ लाइनची जहाजं घेतली की फाशांचा ढीग वाढतो, कार्डं चाळण्यात वेळ जातो आणि वाऱ्याचं महत्त्व मागे पडतं. सगळे एका गोळ्यात अडकून एकमेकांवर फासे टाकत बसतात. हा नियमांपेक्षा टेबलाच्या आकाराचा दोष. दुसरी उणीव म्हणजे संदेश. त्या काळी ॲडमिरलचा हुकूम झेंड्यांवर चालायचा, धुरात तो दिसायचा नाही, आणि अर्ध्या लढाया त्या गैरसमजावर फिरल्या. टेबलावर मात्र प्रत्येक जहाजाला धन्याच्या मनातलं कळतं. यावर घरगुती उपाय: एका बाजूला दोन खेळाडू बसवा, फेरीला पाच शब्दांची एकच चिठ्ठी, बाकी बोलायचं नाही.

कोकण किनारा या खोक्यात बसतो का?

थोडी सुतारकी केली तर बसतो. आधी विनाफेरफार जमणाऱ्या गोष्टी. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ट्रिंकोमाली ही लेडा वर्गाची फ्रिगेट 1817 मध्ये पाण्यात उतरली. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ती आजही तरंगते आहे. खोक्यातली फ्रिगेट काळ्या-पांढऱ्या पट्ट्यात रंगवून तिच्या नावाने उतरवायला हरकत नाही. लाइनची जहाजं वेगळी विकत घेतलीत तर 1810 ची मिंडेन आणि 1813 ची कॉर्नवॉलिस ही 74 तोफांची जहाजंही मुंबईचीच.

मराठा आरमाराची कार्डं किंवा जहाजं खोक्यात नाहीत. कान्होजी आंग्र्यांचा काळ खेळाच्या चौकटीच्या फार आधीचा. आंग्र्यांचा विजयदुर्ग 1756 मध्ये पडला. पण पेशव्यांचं आरमार धुळपांच्या हाताखाली विजयदुर्गावर त्यानंतरही होतं. एप्रिल 1783 मध्ये आनंदराव धुळपांच्या ताफ्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीन या आरमाराचं रेंजर हे जहाज लढून पकडलं. एकटं, चांगल्या तोफांचं जहाज आणि त्याच्याभोवती गुराबा (दोन-तीन काठ्यांची लढाऊ जहाजं) आणि वल्ह्यांच्या गलबतांचा गराडा: नियमांच्या काळात बसणारी, एका संध्याकाळी संपणारी लढाई.

गुराब बनवायला ब्रिगचा हल घ्या. इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने अठराव्या शतकात केलेल्या वर्णनात दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे 150 टनांची, तीन काठ्यांची सुमारे 300 टनांची. क्रूझर वर्गाची ब्रिग 380 टनांच्या आसपास होती. म्हणजे तीन काठ्यांच्या गुराबेला ब्रिगचा हल जवळपास तसाच चालतो. दोन काठ्यांच्या गुराबेसाठी मधून आठ मिमीचा तुकडा करवतीने काढून दोन्ही अर्धे जोडा. गुराब लांबीच्या मानाने रुंद, म्हणून दोन्ही बाजूंना 0.75 मिमी प्लास्टिकपट्टी, टोकांना घासून निमुळती केलेली.

खरी ओळख नाळेत आहे. ब्रिगची गोलसर नाळ चार-पाच मिमी मागे सरळ कापून टाका. कापाच्या तोंडावर 0.5 मिमी प्लास्टिक पत्र्याची उभी भिंत लावा आणि तिला दोन भोकं पाडा: यांतून पुढे रोखलेल्या दोन तोफा, 9 किंवा 12 पौंडी. भिंतीच्या पुढे मुख्य डेकच्या पातळीवर 1 मिमी प्लास्टिक पत्र्याचं, सुमारे 10 मिमी लांब, टोकाला निमुळतं नाक. त्याला कठडा लावू नका. समोरच्या लाटेत गुराब जोरात डुचमळायची, नाकावर चढलेलं पाणी दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून ते उघडंच ठेवत. तळ उथळ असल्यामुळे खाली काही जोडायची गरज नाही, आणि टेबलावर किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यात फक्त गुराबा आणि गलबतं शिरू शकतात असा नियम करून टाका.

गलबतं जास्तीत जास्त 70 टनांची, म्हणजे 25 मिमीच्या आत. बाल्साच्या चोयट्या पुरतात. एक मोठं त्रिकोणी शीड, मागे बारीकशी दुसरी काठी, आणि चाळीस-पन्नास वल्ही. दोन्ही बाजूंना मिमीला एक या हिशेबाने नायलॉनच्या ब्रशचे केस चिकटवा. सगळे एकाच कोनात, नाहीतर झुरळासारखं दिसतं.

नियम असे जुळवता येतील. गुराबेला ब्रिगचं कार्ड, बाजूच्या तोफा थोड्या कमी, पुढच्या दोन तोफांना नाळेच्या दिशेने स्वतंत्र मारा. गलबतं वाऱ्याला न जुमानता फेरीला ठरावीक चार इंच. वारा पडला तर दोन गलबतं मिळून एका गुराबेला दोन इंच ओढतात. खऱ्या लढाईतही तेच करत, शत्रूच्या मागे जमून डोलकाठ्यांवर मारा करत आणि मग गलबतांतली माणसं चढत. एका ब्रिगविरुद्ध दोन गुराबा आणि सहा गलबतं इथून सुरुवात करून जड-हलकं ठरवा. कंपनीच्या जहाजावर लाल-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा झेंडा, कोपऱ्यात जुना युनियन.

घेताना आणि ठेवताना

भारतात हा खेळ बहुतेक वेळा मागवूनच घ्यावा लागतो. पाठवणावळ आणि कस्टम यांचा आकडा ऑर्डरआधी विचारून घ्या, तो खोक्याच्या किमतीच्या मानाने जाचक होऊ शकतो. जुना संच घेत असाल तर प्लास्टिक सोडून शिडांचे, दोरशिड्यांचे आणि झेंड्यांचे कागद आहेत का याचा फोटो मागा. हरवतात ते नेमके हेच. रंग-दोरे नकोच असतील तर 'सेल्स ऑफ ग्लोरी' हा 1:1000 चा खेळ रंगवलेल्या जहाजांसकट येतो. हालचाल कार्डांनी आणि दोघांची एकदम, त्यामुळे अंदाज बांधायची गंमत त्यात जास्त. जहाजं मात्र हातात घेऊन बघण्यासारखी तेवढी नाहीत.

बांधलेल्या जहाजांना 2 मिमी पारदर्शक अक्रिलिकचा पाया द्या, फ्रिगेटला 90 बाय 30 मिमी, ब्रिगला 65 बाय 22. दोन जहाजं चढाईसाठी भिडताना जास्त रुंद पाये आडवे येतात. पायाखाली चुंबकी पत्रा, आणि तळाला लोखंडी पत्रा घातलेला प्लास्टिकचा डबा. उंची 80 मिमीपेक्षा कमी नको, नाहीतर झाकण लावताना पहिली मोडते ती मधली डोलकाठी. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा बदला.